ढोलमाशाचा वाताशय आणि माहीतगाराची नाव

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने एक व्यवसाय चांगला रुजलेला आहे. स्वतःची लहान नाव, गळाच्या काठ्या व आमिष बाळगणारा एखादा माहीतगार तीन-चार हौशी मंडळींना पहाटे नावेत बसवितो. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी, पुलांच्या खांबांपाशी नेतो. त्यांच्या हातून मोठमोठे मासे धरवितो, त्यांतील पुष्कळसे पुन्हा पाण्यात सोडावयास लावतो आणि दुपारी मंडळींना धक्क्यावर आणून पोहोचवितो. मोबदला ठरतो तो फेरीचा, माशांचा नव्हे. या फेऱ्यांत ज्या माशांचा शोध घेतला जातो त्यांपैकी एक म्हणजे पोगोनिअस क्रोमिस. तिकडील लोक त्याला काळा ढोल म्हणतात. आपणही या लेखापुरते त्यास काळा ढोलमासा म्हणू.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यापुढे हा विषय कशासाठी मांडावा, असे कोणी विचारील. जलाशयांवर पर्यटन आणावे, हौशी लोकांकडून मासेमारी करवून पैसा मिळवावा, अशी चर्चा आपल्याकडेही अधूनमधून होत असते. ती करणारे लोक या परदेशी फेऱ्यांचे उदाहरण देतात आणि म्हणतात की, मासा सोडून दिला म्हणजे कोणाचेच काही गेले नाही. हे विधान वरवर अर्थशास्त्राचे वाटले तरी मुळात ते प्राणिशास्त्राचे आहे. सोडलेला मासा जगतो किंवा नाही हे पुष्कळ अंशी त्याच्या शरीरातील एका अवयवावर अवलंबून असते, आणि तो अवयव म्हणजे वाताशय. आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी दरवर्षी रोहूच्या विच्छेदनात तो पाहतात, त्याची आकृती काढतात व विसरून जातात.

प्रथम ढोलमाशाविषयी. तो सायनिडी कुलातील होय. याच कुलात आपल्या कोकण किनाऱ्यावरील घोळ, कोथ व धोमा हे मासे येतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील या कुलातील माशांत काळा ढोलमासा आकाराने सर्वांत मोठा. १९७५ साली डेलावेअर राज्यातील लुईस येथे गळाला लागलेला मासा ११३ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ५१ किलो वजनाचा भरला होता. हनुवटीखाली मिशांसारख्या आखूड स्पर्शकांची झालर असते. तिने तो तळाचा चिखल चाचपतो. घशात फरसबंदीसारखे चपटे, भक्कम दात असतात आणि त्यांच्यामध्ये कालवे, शिंपले व खेकडे कवचासकट भरडले जातात. लहानपणी अंगावर चार-पाच काळे उभे पट्टे असतात. वय वाढते तसे ते पुसट होत जातात. कर्णाश्मांवरील वार्षिक वलये मोजून पाहता अटलांटिक किनाऱ्यावरील काही मासे साठीच्या घरात पोहोचलेले आढळले आहेत. म्हणजे माहीतगाराच्या नावेत क्षणभर आडवा पडलेला मासा वयाने त्या माहीतगाराहून वडील असण्याचा संभव असतो!

त्याचे नाव पडले ते आवाजावरून. वाताशयाच्या दोन्ही अंगांस विशिष्ट स्नायू असतात. ते अतिशय वेगाने आकुंचन पावले की वायूने भरलेली ती पिशवी ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरते. विणीच्या हंगामात संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत हा नाद चालतो. त्याची कंपनसंख्या सेकंदाला शंभराच्या आसपास, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतील असल्यामुळे तो पाण्यातून दूरवर जातो व जमिनीतही शिरतो. फ्लॉरिडातील केप कोरल या कालव्यांनी वेढलेल्या नगरात रात्री घरे घुमतात, अशी तक्रार रहिवासी करू लागले. नळयंत्रणेचा दोष असावा असाच पुष्कळांचा समज झाला होता. दक्षिण फ्लॉरिडा विद्यापीठातील जेम्स लोकॅसिओ व डेव्हिड मान यांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडून तो आवाज ढोलमाशांचा असल्याचे दाखवून दिले.

आता फेरीकडे वळू. माहीतगार जे विकतो ते मासा नसून मासा कोठे, केव्हा व कशाने येईल याचे ज्ञान असते. उथळ खाडीत मासा डोके खाली करून चिखल उकरीत असला की पाण्याबाहेर शेपटीचे टोक हलताना दिसते आणि गढूळ पाण्याचा एक पट्टा मागे राहतो. नवख्याला ती वाऱ्याची लहर वाटते. विणीच्या काळी मोठे मासे खाडीच्या मुखाशी, दगडी बांधांच्या कडेला थव्याने जमतात आणि त्यांचा नाद कित्येकदा नावेच्या तळातून पायांना जाणवतो. भरती-ओहोटीचे पाणी वाहते असेल तेव्हाच मासा आमिषाकडे वळतो, पाणी थबकले की तोही थबकतो. आमिष म्हणून खेकड्याचे कवचासकट दोन किंवा चार तुकडे करून लावतात. मासा ते एकदम गिळीत नाही. घशाशी घोळवून भरडून पाहतो, आणि काठीच्या टोकाला नुसते बारीक ठोके जाणवतात. येथे नवखा मनुष्य हमखास हिसका देतो आणि मासा घालवतो. त्याला धीर धरावयास लावणे हे माहीतगाराचे अर्धे काम. गळही साधा नसून वर्तुळाकार वाकविलेला असतो. दोर ताणला गेला की तो आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, पोटात जात नाही. असा मोबदल्याचा प्रवासी नावेत घेण्यासाठी तेथील तटरक्षक दलाचा परवाना लागतो आणि लहान परवान्यावर सहांपेक्षा अधिक प्रवासी घेता येत नाहीत.

मोठा मासा सोडावयाचा का, याला कायदा व जीभ अशी दोन्ही कारणे आहेत. टेक्सास राज्याच्या नियमांप्रमाणे १४ ते ३० इंच लांबीचे मासे ठरावीक संख्येपर्यंत ठेवता येतात. त्याहून मोठे सोडावे लागतात, अपवाद फक्त ५२ इंचांवरील एखाद्याचा. अशा नियमामागील तर्क सरळ आहे. सुमारे ६ किलो वजनाची मादी वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक अंडी घालते, आणि वजन वाढते तशी ही संख्याही वाढत जाते. तेव्हा राखावयाची ती मोठी मादी. दुसरे कारण असे की मोठ्या माशाचे मांस भरड असते व त्यात एका पट्टकृमीच्या डिंभावस्था शेवयांसारख्या पसरलेल्या असतात. माणसाला त्यांपासून अपाय नाही, परंतु पानात पाहून कोणाची वासना टिकेल? कायद्याने जे मागितले ते रुचीने आधीच दिलेले होते. असा मेळ सर्वत्र बसत नाही, हे पुढे दिसून येईल.

परंतु या साऱ्याच्या मुळाशी एक भौतिक परिस्थिती आहे आणि माझ्या मते तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ती म्हणजे पाण्याची खोली.

ढोलमाशाचा वाताशय बंद असतो; अन्ननलिकेशी त्याचा संबंध प्रौढावस्थेत राहत नाही. त्यात वायू भरण्याचे काम रक्तवाहिन्यांनी वेढलेली एक वायुग्रंथी करते आणि वायू काढून घेण्याचे कामही रक्तावाटेच, सावकाश होते. मासा स्वतःच्या गतीने खाली-वर गेला तर ही व्यवस्था त्यास पुरते. दोराला बांधून मिनिटाभरात वर ओढला तर पुरत नाही. बॉइलचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. पाण्यात दर १० मीटरांस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. २ मीटर खोलीवरून वर आणलेल्या माशाच्या वाताशयातील वायूचे आकारमान सुमारे १.२ पट होते; ५ मीटरांवरून दीडपट, १० मीटरांवरून दुप्पट, २० मीटरांवरून तिप्पट. दीडपटीपर्यंत शरीर बहुधा निभावून नेते. तिप्पट फुगलेली पिशवी मात्र जठर तोंडावाटे बाहेर ढकलते, डोळे पुढे येतात, रक्तवाहिन्या फाटतात, कित्येकदा ती स्वतःच फुटते. असा मासा सोडला तरी पोट वर करून तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी पडतो. मासा सोडल्याचे समाधान मात्र नावेतील मंडळींच्या पदरी पडलेले असते.

काळ्या ढोलमाशाच्या फेऱ्या टिकून राहिल्या त्या प्रामुख्याने उथळ पाण्यातील आहेत म्हणून. माहीतगाराची नीतिमत्ता उत्तम असेलही, परंतु तिला तीन-चार मीटर पाण्याने मोठा हात दिला आहे. हीच फेरी त्याच कुलातील दुसऱ्या माशावर चालविली तर काय होते?

तो दुसरा मासा म्हणजे आपला घोळ, प्रोटोनिबिया डायाकँथस. आपल्या तापीचे पाणी सुरतेजवळ खंबायतच्या आखाताला जेथे मिळते, त्या टापूपासून पालघर-मुंबईपर्यंतचा समुद्र हे घोळीचे जुने क्षेत्र. तोही दीड मीटरपर्यंत वाढतो, तोही थव्याने जमतो व आवाज करतो. पण त्याचा वाताशय निराळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. गाजरासारखा निमुळता, दोन्ही अंगांस झाडाच्या फांद्यांसारखी उपांगे फुटलेला हा अवयव वाळवून पूर्वेकडील देशांत पाठविला जातो. हा व्यापार नवा नाही. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील माशांपासून मिळणाऱ्या या सरसासारख्या द्रव्यावर जॉन फोर्ब्स रॉइल यांनी १८४२ सालीच पुस्तक लिहिले होते. अलीकडचे उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२१ मधील. पावसाळी बंदी उठल्यानंतर पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नौकेच्या जाळ्यात दीडशेहून अधिक घोळी एकाच वेळी आल्या आणि त्यांचा लिलाव सुमारे १ कोटी ३३ लाख रुपयांस झाल्याचे वृत्त सर्व पत्रांनी छापले. त्या वृत्तात नशिबाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु विद्यार्थ्याने त्यात दुसरी एक गोष्ट वाचली पाहिजे: दीडशे मोठे मासे एकाच जागी असतात, ते एकाच दिवशी जातात, आणि ज्याला ती जागा व वेळ समजली त्याला थवा संपूर्णच मिळतो. थव्याने जमणाऱ्या माशाच्या बाबतीत ज्ञानाची किंमत व माशाचा धोका ही दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. गुजरात राज्याने २०२३ साली घोळीस राज्यमत्स्य म्हणून घोषित केले. मुंबई किनाऱ्यावर मात्र मोठ्या घोळ व कोथ माशांची आवक पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरली आहे.

घोळीवर हौशी मासेमारी झाली तर काय होते याचे उत्तर ऑस्ट्रेलियाने दिले आहे, कारण हाच मासा त्या खंडाच्या उत्तर किनाऱ्यावरही आहे व तेथे गळाने धरला जातो. केप यॉर्कच्या टोकाशी असलेल्या इंजिनू या आदिवासी वस्तीजवळ घोळी दरवर्षी ठरावीक जागी जमत. मायकेल फेलन यांच्या अभ्यासात असे दिसून आले की जमणाऱ्या थव्यांवर गळ पडत राहिल्याने सापडणाऱ्या माशांत प्रौढ मासे जवळजवळ उरले नव्हते. विशेष हे की, ही माहिती हाती येताच वस्तीच्या वडीलधाऱ्यांनी आपण होऊन दोन वर्षे तो मासा धरणे बंद केले आणि पुढे मोठे मासे पुन्हा दिसू लागले. तसेच तेथील उत्तर प्रदेशात आढळून आले की सुमारे १० मीटरांहून खोल पाण्यातून काढलेल्या घोळींस दाबाच्या फरकाने इजा होते आणि खोली वाढते तसे सोडलेल्या माशांचे मरण झपाट्याने वाढते. म्हणून तेथे उलटाच उपदेश केला जातो: खोल पाण्यात घोळ लागली तर सोडू नका, ठेवा, ठरलेली संख्या पुरी झाली की मासेमारी थांबवून जागा सोडा. कुल एक, अवयव एक, आवाजाची रीतही एक. केवळ काही मीटर पाण्याच्या फरकाने टेक्सासमधील सदाचार येथे अपव्यय ठरतो.

आता तापीच्या खोऱ्यात येऊ. काकरापारचा बंधारा १९५४ साली व उकाईचे धरण १९७२ साली झाल्यावर समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली. आपल्यापुरते जे राहिले ते नदीचे, हतनूर, गिरणा व वाघूर यांसारख्या जलाशयांचे आणि उकाईच्या नंदुरबारपर्यंत पसरलेल्या फुगवट्याचे मासे: रोहू, कटला, मृगळ, शिंगाडा, मरळ आणि क्वचित महसीर. यांपैकी रोहू, कटला व महसीर यांच्या वाताशयाची रचना ढोलमाशाहून मुळातच वेगळी आहे. तो दोन कप्प्यांचा असतो आणि एका बारीक नलिकेने अन्ननलिकेस जोडलेला असतो. वर येताना वायू फुगला तर तो या नलिकेवाटे तोंडातून बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. विच्छेदनात ही नलिका चिमट्याने ओढताना बहुधा तुटते व विद्यार्थी ती आकृतीत अंदाजाने दाखवितात. यापुढे तरी तसे करू नये. म्हणजे दाबाच्या दृष्टीने पाहता खानदेशातील जलाशयांवर धरून सोडण्याची मासेमारी घोळीपेक्षा पुष्कळच सुरक्षित ठरेल.

पण येथे दुसरा शत्रू उभा आहे, तो उष्म्याचा. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. इकडे पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, आणि गळाशी दहा मिनिटे झुंजलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक अम्ल साचलेले असते. असा मासा छायाचित्रासाठी दोन मिनिटे उन्हात धरून मग पाण्यात सोडला तर तो पोहत जातो खरा. पण काही तासांनी कोठे तरी कडेला मरून पडण्याचा संभव राहतो. पर्यटकांना सुट्टी असते ती नेमकी उन्हाळ्यात, आणि त्यानंतर येणारा पावसाळा हा या माशांच्या विणीचा काळ. तेव्हा फेऱ्या काढावयाच्याच असतील तर त्या कार्तिकापासून माघापर्यंत व सकाळच्या प्रहरी. ढोलमाशाच्या बाबतीत जे काम खोलीने केले ते येथे ऋतूने करावयाचे आहे.

महाराष्ट्राला गळाच्या हौशी मासेमारीची परंपरा नाही असे नव्हे. मुंबईतील पवई तलावावर १९५५ पासून हौशी मासेमारांची संस्था आहे. लोणावळ्यास टाटा वीज कंपनीच्या मत्स्यक्षेत्रावर सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी महसीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि तेथील बीज देशात दूरवर गेले. ते कावेरीतही सोडण्यात आले, आणि त्याची पुढील हकीकत आपल्या विषयाशी निकटची आहे. कर्नाटकात कावेरीकाठी महसीरासाठी वाटाड्यांसह गळाच्या फेऱ्या चालत. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या कित्येकांना तेथे वाटाडे म्हणून काम मिळाले होते. गालीबोरे येथील तळावर १९९८ ते २०१२ या काळात कोणत्या दिवशी कोणता मासा, किती वजनाचा लागला याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. अभयारण्यातील मासेमारी पुढे बंद पडली, पण नोंदी उरल्या. पिंडर, राघवन व ब्रिटन यांनी २०१५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा दिसून आले की बाहेरून आणलेल्या महसीराची संख्या वाढत गेली आणि कावेरीचा मूळचा कुबड असलेला महसीर घटत गेला. तोच मासा टॉर रेमादेवी होय, असे २०१८ साली निश्चित झाले. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. लोणावळ्याच्या कार्याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावा. परंतु एका नदीचे बीज दुसरीत सोडण्याचा परिणाम ज्या नोंदींनी उघडकीस आणला त्या प्रयोगशाळेतील नव्हत्या, नावेतील होत्या, हेही विसरता येत नाही.

खानदेशात हे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे ते भोई व कोळी समाजांतील मासेमार होत. जलाशयांवरील मासेमारीचा ठेका सामान्यतः त्यांच्या सहकारी संस्थांकडे असतो आणि ठेक्याचा हिशेब धरलेल्या माशांच्या वजनावर बसविलेला असतो. न धरलेल्या अथवा धरून सोडलेल्या माशाला त्यात जागा नाही. बाहेरचा एखादा उद्योजक नाव आणून फेऱ्या सुरू करील, स्थानिक मनुष्यास वल्हे मारण्याची मजुरी देईल आणि जागा दाखविण्याचे मोल स्वतः घेईल, ही भीती निराधार नाही. अमेरिकेतील माहीतगार पुष्कळदा स्वतःच नावेचा मालक व परवान्याचा धारक असतो. तेथील व्यवस्थेत अनुकरणीय असे काही असेल तर ते माझ्या मते हेच आहे. फेरीचा परवाना ठेकेदार संस्थेच्या सभासदांखेरीज इतरांस देऊ नये, एवढी एक अट प्रारंभीच घातली गेली तर पुष्कळ वाद टळतील.

विभागाच्या दृष्टीने काम तूर्त लहान आहे. हतनूर किंवा वाघूर येथील दोन-तीन मासेमारांस एकेक वही द्यावी. तीत दिनांक, जागा, गाठी मारलेल्या दोरीने मोजलेली खोली, सकाळचे पाण्याचे तपमान, माशाचे स्थानिक नाव व लांबी लिहावी. ज्यांना लिहिणे सोयीचे नाही त्यांच्याकडून विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा अहिराणीत विचारून लिहून घ्यावे. माशाचे नाव मात्र त्यांनी सांगितले तसेच ठेवावे, प्रमाण मराठीत बदलू नये, कारण एकाच जातीच्या लहान व मोठ्या माशाला मासेमार पुष्कळदा निरनिराळी नावे देतात. सोडलेले काही मासे जाळीच्या कोठ्यात, त्याच पाण्यात दोन दिवस ठेवून पाहावे व त्यांतील जगले किती ते वेगळ्या रकान्यात मांडावे. माघ आणि वैशाख या दोन महिन्यांतील रकाने शेजारी ठेवले की पुढचे बोलणे अंदाजाने करावे लागणार नाही.